पंचक्रोशी कोणाच्या नावे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की आपल्याकडे घरोघर श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सात दिवसांच्या पारायणात सहाव्या दिवशी ३९ ते ४३ हे अध्याय येतात. त्यातले ४१ आणि ४२ सुरू झाले की वाचणाऱ्याचा वेग आपोआप वाढतो, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. कारण उघड आहे. कथा बाजूला राहते आणि नुसती नावं सुरू होतात. हे कुंड, ते लिंग, अमुक विनायक, तमुक घाट. इथे स्नान करावं, तिथे दर्शन घ्यावं, पुढे निघावं. ऐकणारे पेंगू लागतात, आतून नैवेद्याची चौकशी होते.

मला मात्र याद्यांचा कंटाळा नाही. छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. यादीतल्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी माणूस उभा असतो, कुणाची पेन्शन, कुणाची मुलीच्या लग्नाची ठेव, हे काउंटरवर बसूनच शिकलो. म्हणून यंदाच्या या अंकात त्या यादीवरच चार शब्द लिहावेत असं मनात आलं. त्यातही एकाच भागावर, तो म्हणजे काशीची पंचक्रोशी यात्रा.

काशीला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, संध्याकाळची गंगाआरती, गंगाजलाचा गडू, की परतीची गाडी. पण त्या शहराला बाहेरून, कडेकडेने वळसा घालणारी एक वाट आहे आणि तिच्यावर पाच मुक्काम करत पायी काशीची प्रदक्षिणा करायची असते, हे बहुतेकांना ऐकूनच माहीत असतं. चालून आलेले थोडे.

मणिकर्णिकेवर स्नान, ज्ञानवापीपाशी संकल्प, मग गंगेच्या काठाने अस्सीपर्यंत, आणि तिथून वाट गंगा सोडून आत वळते. पहिला मुक्काम कर्दमेश्वर, ३ कोस. तिथून भीमचंडी ५ कोस. भीमचंडीहून रामेश्वर ७ कोस, हा सर्वांत मोठा पल्ला. रामेश्वराहून शिवपूर ४, शिवपुराहून कपिलधारा ३, आणि शेवटी वरुणा ओलांडून, आदिकेशवाचं दर्शन घेऊन घाटाघाटाने परत मणिकर्णिका ३. बेरीज करा, २५ कोस होतात. म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. वाटेवर १०८ देवस्थानं मोजतात.

आता कोणी विचारील, पंचक्रोशी म्हणजे पाच कोस, मग पंचवीस कसे? तर मध्यमेश्वर नावाचं लिंग मध्याला धरून पाच कोसांचा दोर फिरवायचा, त्याच्या आतलं ते काशीक्षेत्र, अशी कल्पना आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला राहवत नाही. पाच कोसांच्या त्रिज्येचा परीघ एकतीस कोसांवर जातो. मग सहा कोस गेले कुठे? पूर्वेला गंगा आहे, तिथे गेले. वाट गंगा ओलांडत नाही, अलीकडच्या काठानेच परत फिरते. वर्तुळाचा तेवढा तुकडा गंगामाईने आपल्याकडेच ठेवून घेतला आहे.

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला. इथे सबंध काशी उजव्या हाताला ठेवायची. म्हणून बहुतेक देवळं वाटेच्या उजव्या अंगाला आणि धर्मशाळा डाव्या अंगाला. जेवण, झोप, थुंकणं, शौच, देहाचं जे काही असेल ते सगळं डावीकडे, काशीच्या बाहेर. कॉलेजात आम्हाला नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असं शिकवलं होतं, ते मला त्या वाटेवर फार आठवलं. ज्यांच्या घरी जुनी देशी कीर्द पाहिली आहे ते म्हणतील, आमच्यात उलटं असतं. असू दे.

वाटेवरच्या एका गोष्टीकडे दत्तभक्तांचं लक्ष सहसा जात नाही. पहिला मुक्काम कर्दमेश्वराचा. कर्दम ऋषी म्हणजे देवहूतीचे पती आणि अनसूयामातेचे वडील. म्हणजे आपल्या महाराजांचं आजोळ! प्रदक्षिणेला निघालेला माणूस पहिली रात्र दत्तप्रभूंच्या आजोबांच्या दारात काढतो. देऊळ लहानसं, दगडी, फार जुनं. काशीतल्या सध्याच्या बहुतेक देवळांहून जुनं आहे. शेजारी मोठं कुंड. शेवटचा मुक्काम कपिलधारा. कपिलमुनी हे अनसूयेचे भाऊ, म्हणजे मामा, असं जुळवण्याचा मोह मला झाला होता आणि वाटेवर काहीजण तसं सांगतातही. पण काशीखंडातली कथा कपिला गायींच्या दुधाने तळं भरलं अशी आहे. नसलेली रक्कम जमेला धरू नये. आजोळ मात्र पक्कं आहे.

शिवाय महाराजांचं काशीशी नातं नवं नाही. रोजचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात आणि निद्रा माहुरात, ही परंपरा आपल्याकडची पोरंसोरंही सांगतात. नृसिंहसरस्वती महाराजांनी कृष्णसरस्वतींकडून संन्यास घेतला तोही काशीतच.

आता ४१ व्या अध्यायाकडे येऊ. गाणगापुरात श्रीगुरू सायंदेवाला त्वष्टापुत्राची कथा सांगतात. गुरुगृही शिकणारा हा मुलगा. गुरू म्हणाले, आमची पर्णशाळा पावसात गळते, चांगलं घर बांधून दे. गुरुपत्नी म्हणाल्या, मला विणलेली नाही आणि शिवलेली नाही अशी काचोळी आण. गुरुपुत्राने चिखल न लागणाऱ्या पादुका मागितल्या. गुरुकन्येने हस्तिदंती घरकुल मागितलं. पोराला काही येत नव्हतं. रानात रडकुंडीला येऊन बसला तेव्हा एक अवधूत भेटले. ते म्हणाले, काशीला जा, विश्वेश्वराची आराधना कर. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, स्वतः बरोबर घेऊन गेले आणि यात्रा कशी करायची ते क्रमाने सांगितलं. आपण पेंगतो ती यादी ही!

आता या मुलाच्या मागण्या पुन्हा वाचा. घर गुरूंचं, काचोळी गुरुपत्नीची, पादुका गुरुपुत्राच्या, घरकुल गुरुकन्येचं. स्वतःसाठी त्याने काय मागितलं? काहीच नाही. तो सगळी काशी दुसऱ्यांच्या कामासाठी फिरला.

इथे एक अडचण आहे. तीर्थविधीच्या जुन्या ग्रंथांत यात्रेच्या फळाचा हिशोब दिला आहे आणि तो अगदी बँकेसारखा चोख आहे. दुसऱ्या कामाने गेला आणि जाता जाता तीर्थ केलं, तर फळ निम्मं. दुसऱ्यासाठी म्हणून तीर्थाला गेला, तर जाणाऱ्याला सोळावा हिस्सा. आई, वडील, गुरू, मित्र यांच्यासाठी दर्भाची प्रतिमा करून तिला तीर्थात स्नान घातलं, तर त्या माणसाला आठवा हिस्सा. नवे पैसे १९५७ साली आले. त्याआधीचं ज्यांना आठवतं ते लगेच सांगतील, सोळावा हिस्सा म्हणजे रुपयातला एक आणा. चालायचं आपण पंचवीस कोस आणि पदरात एक आणा.

हा आणा माझ्या डोक्यात का घोळला ते सांगतो.

मी नववीत असताना आमचे आईबाबा गावातल्या मंडळींबरोबर काशीला गेले होते. आईचा पंचक्रोशीचा नवस होता. कशाचा ते तिने कधी सांगितलं नाही. तिसऱ्या मुक्कामाला, रामेश्वरला, बाबांना सणसणून ताप भरला. मंडळी पुढे गेली. आई बाबांना घेऊन एक्क्यातून शहरात परतली. बाबा बरे झाले, दोघं घरी आली, विषय संपला.

संपला असं आम्हाला वाटलं. आमच्याकडे सप्ताहाला बाबा वाचत आणि आई शेजारी बसून ऐके. सहाव्या दिवशी ४२ व्या अध्यायात रामेश्वराचं नाव आलं की आई हळूच म्हणायची, "इथवर आपण गेलो होतो." पारायणात मध्ये बोलू नये, त्यामुळे बाबा मान वर न करता पुढे वाचत. दरवर्षी हेच. बाबा गेल्यावर दादा वाचायला लागला, तरी हेच.

आई जाऊन दुसरं वर्ष सरल्यावर दादा म्हणाला, "आईची पंचक्रोशी पुरी करून येऊ." दादा तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. आयुष्यभर कृष्णाकाठच्या मळीत राबलेला आहे, पण उजवा गुडघा कामातून गेलेला. त्याचं म्हणणं, आई रामेश्वरापर्यंत गेलीच होती, आपण रामेश्वरापासून पुढचे दहा कोस चालू, म्हणजे बाकी फिटली. माझं म्हणणं, प्रदक्षिणा मधूनच कशी सुरू होईल? गाडीत दौंडपासून हा वाद चालला तो वाराणसी येईपर्यंत.

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. तिथल्या एका वृद्ध गुरुजींकडे आम्ही उतरलो होतो. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "संकल्प ज्याचा त्याच्याबरोबर जातो. तुम्ही नवा करायचा, मणिकर्णिकेपासून. त्यात मातोश्रींचं नाव घाला." मी सोळाव्या हिश्शाचं विचारलं. "आम्ही दोघं भाऊ आहोत. मग प्रत्येकी अर्धा आणा का?" गुरुजी हसले. "तुम्ही बँकेत होतात काय?" एवढंच म्हणाले. उत्तर काही दिलं नाही. आमची वयं पाहून पायात कापडी बूट चालतील असं मात्र आपणहून सांगितलं.

माघातली थंडी होती. अस्सी सोडल्यावर बराच वेळ शहरच संपत नाही. दुकानं, शिकवण्यांच्या पाट्या, मोटारसायकली. कर्दमेश्वर आता जवळजवळ शहरातच आलं आहे. त्यापुढे मोहरीची शेतं लागतात आणि मग जरा यात्रेला आल्यासारखं वाटतं. रस्ता डांबरी आहे, ट्रक अंगावरून जातात. तरी मधूनमधून जुनी तळी, विहिरी लागतात. बंगालमधल्या नाटोरच्या राणी भवानी यांनी अठराव्या शतकात या वाटेवरच्या देवळांचा, तळ्यांचा आणि धर्मशाळांचा जीर्णोद्धार केला. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलं हे आपल्याला पाठ असतं, राणी भवानींचं नाव आपल्या कानावर नसतं. पण त्यांचंही पुण्य त्या वाटेवर पाणी पिणाऱ्याला कळतं.

भीमचंडीच्या मुक्कामाला गोवऱ्यांवर बाटी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. दादाला ते भरीत फार आवडलं. भाकरी असती तर आणखी मजा आली असती, असं तीनदा म्हणाला.

भीमचंडी ते रामेश्वर हे सात कोस मात्र त्याला जड गेले. देहलीविनायकापाशी पोहोचलो तेव्हाच त्याचा गुडघा सुजला होता. देहली म्हणजे उंबरठा. हा विनायक काशीचा पश्चिमेचा उंबरठा राखतो. दादा त्या उंबरठ्यावर बराच वेळ बसून राहिला. रामेश्वरला पोहोचलो तेव्हा पार अंधार पडला होता. वरुणा नदीच्या काठी हे स्थान आहे. रावणवधानंतर प्रभू रामचंद्रांनी इथे लिंग स्थापिलं, असं सांगतात. धर्मशाळेच्या ओवरीत दादाला आडवं केलं आणि मी गुडघ्याला तेल चोळायला बसलो. मनात आलं, बाबाही इथेच कुठेतरी तापाने पडले असतील. दादाला म्हटलं, "उद्या शिवपूरपर्यंत रिक्षा करू. देव काही बघत बसत नाही."

दादा काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबा पुढचं वाचायचे ना रे?"

"पुढचं म्हणजे?"

"रामेश्वराच्या पुढचं. पोथीत."

"वाचायचेच की. अध्याय अर्धा कोण सोडतो?"

"मग आईचं राहिलं कुठे? कपिलधारा, आदिकेशव, मणिकर्णिका, सगळं ऐकायची ती. दरवर्षी पोचत होती."

मी म्हटलं, "मग आपण कशाला आलो?"

"ते उद्या सांगतो. आधी तेल नीट लाव."

भाविकहो, दादा सातवी शिकलेला आहे. पण तो जे बोलला ते ४२ व्या अध्यायातच आहे. श्रीगुरूंनी सगळी काशीयात्रा सांगून झाल्यावर सायंदेव काय म्हणतो? स्वामी, आपण सांगत होता तेव्हा मी आपल्याबरोबर काशीतच होतो. सायंदेव गाणगापुरातून हललेला नाही. नुसता बसून ऐकत होता. पण कसा ऐकत होता तेही पाहा. त्याच अध्यायांत तो भर पावसात, विजेच्या उजेडात वाट काढत संगमावरून गावात जाऊन गुरूंसाठी विस्तव घेऊन येतो. दोन्ही बाजूंना दोन महासर्प त्याला सोबत करत असतात. आधी असा चालला आणि मग बसून ऐकलं. गुरूंसाठी जो अंधारात चालला त्याला काशी ऐकता ऐकता दिसली. आमची आई नवऱ्याला ताप आला म्हणून रामेश्वराहून मागे फिरली. मंडळी पुढे निघाली असताना, आयुष्यातली एकुलती एक संधी असताना फिरली. तिचं मागे फिरणं त्या विस्तवाच्या वाटेत धरायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी माझं ठरवलं आहे.

आणि त्या एका आण्याचं? त्वष्टापुत्राला शेवटी विश्वेश्वर प्रसन्न झाले तेव्हा त्यांनी सोळावा हिस्सा दिला नाही. गुरूंच्या घरच्यांनी मागितलेलं सगळं दिलंच, शिवाय सर्व विद्या दिल्या. ग्रंथातला नियम खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. नियम लागतात, नाहीतर पैसे देऊन दुसऱ्याला यात्रेला धाडायचं आणि आपण घरी लोळायचं, असा धंदा सुरू होईल. पण मॅनेजरच्या अधिकारात काही गोष्टी असतात, त्या काउंटरवरच्या तक्त्यात लिहिलेल्या नसतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी दादाने रिक्षा केली नाही. पहाटे पाचला निघून दिवेलागणीला शिवपूर गाठलं. चार कोसांना अख्खा दिवस. पाव कोस चालायचं, बसायचं. पाच पांडव इथे राहिले होते म्हणतात, तिथे द्रौपदीकुंड आहे. दादा म्हणाला, "त्यांना बारा वर्षं होती, मला काय घाई आहे?" कशाला आलो ते सांगायचं मात्र विसरला. मीही विचारलं नाही.

कपिलधारेहून निघाल्यावर शेवटच्या टप्प्यात हातातले जव वाटेवर टाकत जातात. आदिकेशवापाशी वरुणा गंगेला मिळते. तिथून घाटांच्या पायऱ्या चढउतार करत मणिकर्णिका. ज्ञानवापीपाशी संकल्प सोडला आणि साक्षीविनायकाकडे गेलो. यात्रा पुरी झाल्याची साक्ष हा गणपती देतो. त्याच्यासमोर यात्रेकरूने नावगोत्र सांगायचं असतं.

ज्यांना चालवणार नाही त्यांच्यासाठी इथेच सांगून ठेवतो. शहरातच एका गल्लीत पंचक्रोशीचं मंदिर आहे. वाटेवरच्या देवस्थानांची शिल्पं त्याच्या भिंतींवर आहेत. अशक्त माणसं तिथेच प्रदक्षिणा घालतात. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच करू नये. आणि पायी जाणाऱ्यांनी उन्हाळा टाळावा. अधिक मासात गर्दी फार असते आणि महाशिवरात्रीला तरुण मंडळी एका रात्रीत पळत पुरी करतात, त्यांच्या नादी लागू नये.

साक्षीविनायकापुढे दादाने हात जोडून आईचं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. मला वाटलं झालं, आता निघायचं. तर तो तसाच उभा. मग माझ्याकडे वळून म्हणाला,

"बाबांचंही सांग. त्यांचीही रामेश्वरापर्यंतच झाली होती."

इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाबा स्वतः कधी बोलले नव्हते. मी बाबांचं नाव सांगितलं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥